नोटीस पिरियडचे पैसे भरून सुटलात का? आकड्यांसकट लिहा

भाच्याने परवा राजीनामा टाकला आणि घरात एकच चर्चा: किती कापणार? म्हणून हा धागा. सुरुवात माझ्यापासून.

2019 ला हिंजवडीतली नोकरी सोडली. नोटीस 90 दिवसांची, नव्या ठिकाणी 35 दिवसांत हजर व्हायचं. म्हणजे 55 दिवस कमी. बेसिक म्हणजे मूळ पगार 48,000, ग्रॉस म्हणजे भत्त्यांसकट 1,10,000. बेसिकवर धरलं तर 88,000, ग्रॉसवर दोन लाखांच्या वर! नेमणूकपत्रात नुसतंच ‘नोटिशीऐवजी पगार’. कुठला पगार, ते गुलदस्त्यात. एचआर म्हणे ग्रॉस. रुजू होताना मिळालेली पॉलिसीची पीडीएफ जुन्या मेलमध्ये सापडली, तीत बेसिक लिहिलेलं. शिल्लक 24 रजाही वळत्या करून मागितल्या. मॅनेजरने मेलवर ‘ओके’ एवढंच लिहिलं, पण तेवढं पुरलं. शेवटी 31 दिवसांचे 49,600 गेले.

‘खूप कापले हो’ असं लिहू नका, त्याचा भाच्याला उपयोग नाही.

* * *

माझी अनुदानित शाळा. खाजगी शाळांच्या 1981 च्या नियमावलीत कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, नाहीतर जितके दिवस कमी पडतील तितक्यांचा पगार. उन्हाळ्याची सुट्टी नोटिशीत धरून चालत नाही, हे मला मार्चच्या शेवटी कळलं!

दुसरी गंमत म्हणजे राजीनामा दोन प्रतींत, सही-तारखेसह लिहायचा, एक प्रत स्वतःकडे ठेवायची, दुसरी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायची. मुख्याध्यापक स्टाफरूमपासून दहा पावलांवर बसायचे. तरी पोस्टात जाऊन रांग लावली. दोन दिवसांनी पोस्टमन आला तेव्हा लेखनिक रजेवर, तास माझा मोकळा. आवक रजिस्टरला माझ्याच राजीनाम्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे. सर लिफाफा उलटसुलट करत म्हणाले, “बाई, तोंडाने सांगितलं असतंत तरी चाललं असतं.” नसतं चाललं. त्यांनाही माहीत होतं.

पैसे भरायला माझी ना नव्हती, पण लवकर सोडायला संस्थेची परवानगी लागते. ती मिळवायला सचिवांच्या घरी चार खेपा झाल्या. पैसे भरण्यापेक्षा ते जड गेलं.

* * *

माझे नव्या कंपनीने भरले. म्हणजे असं वाटलं. कबूल केले 1,20,000. आले पहिल्या पगारात मिसळून, कर आणि उपकर वजा जाऊन 82,560. जुन्या कंपनीला मी पूर्ण 1,20,000 मोजलेले. वर अट अशी की वर्षाच्या आत सोडलंत तर सगळे परत करा. दहाव्या महिन्यात चांगली ऑफर आली होती, गप्प बसलो.

* * *

फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, बघा रे! माझ्या फॉर्ममध्ये नोटिशीपोटी कापलेली रक्कम वजा न करता सबंध पगार दाखवला होता, म्हणजे हातात न पडलेल्या पैशावर कर. अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने 2017 मध्ये अशाच प्रकरणात कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिलाय. सीएने तो दाखवला, आणि लगेच “खात्याची नोटीस आली तर उत्तरं देत बसावं लागेल” असंही सांगितलं. कर भरून मोकळा झालो. भित्रा म्हणा हवं तर.

त्या कंपनीने वर 18 टक्के जीएसटीही लावला होता, 2021 ची गोष्ट. ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात नोटीस-वसुलीवर जीएसटी नाही असं स्पष्ट झालंय. अजून कोणी लावत असेल तर ते तोंडावर धरा.

* * *

दुबईहून. इथे 2022 पासूनच्या कायद्यात नोटीस 30 ते 90 दिवस. न पाळलेल्या दिवसांचा पगार द्यावाच लागतो, समोरच्याचं नुकसान झालं नसलं तरी. आणि हिशेब शेवटच्या पूर्ण पगारावर, नुसत्या बेसिकवर नाही. मी भारतातला अनुभव धरून आकडा मांडला होता, जवळजवळ दुप्पट निघाला.

* * *

एचआरमध्ये आहे, शिव्या आमच्याच वाट्याला. तरी सांगते: मंजुरी आणि शेवटचा दिवस मेलवर घ्या, पैसे भरल्याची पावती घ्या, रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, हातात पडेपर्यंत मागे लागा. नोटिशीच्या पैशांपायी पीएफ अडवता येत नाही. कोणी तशी धमकी दिली तर तीही मेलवर मागा. सहसा येत नाही मग.

* * *

चाकण, प्रेस शॉप. महिन्याची नोटीस, 20 दिवसांचे पैसे भरले, गेटपास जमा केला, सुटलो. तरी जुन्या शिफ्टवरून रोज फोन: “दादा, डाय-रॅकची चावी कुठंय?” टांगलीय म्हणून सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी बायकोने डब्याची पिशवी धुवायला काढली, तळाशी चावी.