बीफ आणि भाज्या, झटपट परतून : तुमचे अनुभव लिहा

वसईची_पोर
काल शेजारच्या व्हिएतनामी मावशींकडून आलं-लसूण आणि मांस परतल्याचा वास आला नि एकदम वसईचं घर आठवलं. रविवारी चर्चमधून मिसाहून आलो की आई लोखंडी कढईत चिली फ्राय करायची. उभा कांदा, भोपळी मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, वरून व्हिनेगर. मेलबर्नला मी कामावरून आल्यावर तीच करते, फक्त बटाट्याच्या जागी ब्रोकोली-गाजर आणि थोडा सोया सॉस. भाताला शिट्ट्या होईस्तोवर कढई उतरते. रम्प स्टेक (मागच्या पुठ्ठ्याचं मांस) आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये, म्हणजे पातळ कापता येतो. तुम्ही कसं करता? कुणाकडून शिकलात?

मडगांवकार
अंडरकट, म्हणजे पाठीकडचा सगळ्यात मऊ भाग. दुसरं काही घ्यायचंच नाही. बटाटा काढून ब्रोकोली? ताई, आईला सांगितलंत का? 😄

वसईची_पोर
आईने इथे येऊन परत मागून घेतली दादा!

रात्रपाळी
मांसाचे धागे जातात त्याच्या आडवं कापा. उभं कापलं की चघळत बसा, मग सॉस कितीही भारी असो. कढई धूर येईपर्यंत तापवायची आणि मांस मूठ-मूठ टाकायचं. सगळं एकदम ओतलं की पाणी सुटतं, परतायच्या ऐवजी उकडतं. एका थरात पसरून मिनिटभर हात लावू नका. खालून तांबूस डाग आले की उलटून बाहेर काढा. मग त्याच कढईत आधी गाजर, मग ब्रोकोली, सिमला मिरची शेवटी. मांस परत आत, सॉस कडेने सोडायचा. बाळ उठलं, बाकी नंतर.

कुर्ला_वेस्ट
आमच्याकडे म्हशीचंच. २०१५ पासून बैलाचंही बंद आहे महाराष्ट्रात. म्हशीचं चिवट असतं, म्हणून अम्मी कच्ची पपई किसून लावते. थोडीच, थोडाच वेळ, नाहीतर पिठूळ होतं.

एडिसनची_सून
पपई इथे कुठे शोधू! पाव किलोला पाव चमचा खायचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवते. मग धुऊन, टिपून एकदम कोरडं करायचं आणि सोया सॉस, चमचाभर कॉर्नफ्लोर, थोडं तेल. हॉटेलातल्यासारखं मऊ होतं. सोडा नीट धुवा मात्र.

लातूरकर_७८
आमच्यात मोठ्याचं (बीफ) म्हणजे रस्साच. परतलेलं म्हणाल तर आजीच्या चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून अंगणात दोरीवर वाळवायची. पावसाळ्यात काही नसलं की तव्यावर तेलात कांद्याबरोबर परतून भाकरीवर द्यायची. फार कष्ट केले तिने. आज हे वाचून तिची आठवण आली.

वसईची_पोर
दादा, चान्यांवर वेगळं लिहाच. आजीला नमस्कार 🙏

एडिसनची_सून
+१. माझ्या सासरीही करायच्या. नणंदेला विचारून सांगते.

कांदापोहे
मी खात नाही, पण मुलगा जर्मनीत शिकतो, त्याला हे सगळं पाठवलं. त्याच्याकडे गॅस नाही, विजेची शेगडी आहे. जमेल का?

रात्रपाळी
जमेल काकू. जाड बुडाचा सपाट तवा घ्यायला सांगा, गोल कढई त्या शेगडीवर नीट तापत नाही. आणि दर वेळी मांस टाकायच्या आधी तवा पुन्हा पूर्ण तापू दे म्हणावं.

मडगांवकार
आणि पंखा लावून ठेव म्हणावं, धुराचा अलार्म वाजतो तिकडे!