शब्दचर्चा : ख्रिस्ती संदर्भातल्या ‘पॅसिफिझम’ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ :
मेनोनाइट या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथावरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘पॅसिफिझम’, म्हणजे युद्ध आणि हिंसा नाकारणारा विचार, पावलोपावली येतो. पहिल्या खर्ड्यात सरसकट ‘शांततावाद’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. ‘शांतता’ म्हटलं की वाचनालयातली पाटी डोळ्यांपुढे येते. ‘अहिंसावाद’ लिहावं तर लेख गांधीजींवरचा वाटायला लागतो. शिवाय मूळ लेखक ‘पॅसिफिझम’ आणि ‘नॉनरेझिस्टन्स’ असे दोन शब्द जाणीवपूर्वक वेगळे ठेवतो. तुम्ही काय वापराल?

बोरूबहाद्दर :
मी ‘अहिंसा’ लिहीन. कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

मूळाक्षर :
समजतो, पण भलतंच समजण्याची भीती आहे. आपल्याकडे अहिंसेची सुरुवात मुंगीपासून होते. जैन साधूंची पिंछी, गाळून प्यायचं पाणी, ताटात काय वाढलंय, हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं. ख्रिस्ती परंपरेतला वाद प्रामुख्यानं तलवारीचा आहे. माणसानं माणसावर शस्त्र उचलावं का, राजानं सैन्यात बोलावलं तर जावं का, एवढाच. घरी डुकरं पाळून खाणारा मेनोनाइट शेतकरी स्वतःला पक्का पॅसिफिस्ट मानतो आणि त्याच्या धर्मविचारात त्याला काही अडचण नसते. ‘अहिंसावादी’ म्हटलं की मराठी वाचक पहिला प्रश्न तिथेच विचारणार.

आता ‘पॅसिफिझम’. हा शब्द तसा अलीकडचा. १९०१ साली ग्लासगोला भरलेल्या शांतता परिषदेत एमिल आर्नो या फ्रेंच कार्यकर्त्यानं तो पुढे आणला. घडवला मात्र जुन्या लॅटिन सामानातून, आणि ते सामान थेट येशूच्या गिरिप्रवचनात सापडतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:९ हे वचन लॅटिन बायबलात ‘बेआती पाचिफिची’ असं आहे. ‘पाक्स’ म्हणजे शांती, ‘फाकेरे’ म्हणजे करणं. मराठी बायबलात हेच वचन ‘जे शांती करणारे ते धन्य’ असं येतं. ‘करणारे’ या शब्दावर माझा सगळा भर आहे. शांत बसणारे, भांडणात न पडणारे असा अर्थ तिथे नाही. ‘पॅसिव्ह’ हा शब्द ऐकायला जवळचा वाटतो, पण तो ‘सोसणं’ या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून आला आहे. मराठीत बोलताना या दोघांची गल्लत सर्रास होते आणि पॅसिफिस्ट माणूस ‘निष्क्रिय’ ठरतो.

म्हणून मी ‘शांतिवाद’ लिहीन, ‘शांततावाद’ नाही. ‘शांतता’ ही आवाज नसल्याची किंवा दंगल नसल्याची स्थिती. ‘शांती’ करावी लागते. वास्तुशांत, उदकशांत हे शब्द आपण रोज वापरतो, त्यातही कोणीतरी बसून काहीतरी करतं. मराठी ख्रिस्ती उपासनेतही ‘शांती’च ऐकू येते.

बोरूबहाद्दर :
पण त्याच गिरिप्रवचनात ‘दुष्टाला अडवू नका’ असंही आहे ना? मग निष्क्रिय म्हणणाऱ्यांचं काय चुकलं?

मूळाक्षर :
मत्तय ५:३९. हा प्रश्न टाळून या शब्दाची चर्चा पुरी होणार नाही. ग्रीकमध्ये तिथे ‘अँटिस्टेनाइ’ हे क्रियापद आहे, शब्दशः ‘विरुद्ध उभं ठाकणं’. रणांगणात शत्रूपुढे टिकून उभं राहणं या अर्थानंही ते जुन्या ग्रीकमध्ये येतं. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर विंक यांनी यावरून मांडलं की इथे मनाई हिंसक प्रतिकाराला आहे, प्रतिकारमात्राला नाही. ‘उजवा गाल’ असा स्पष्ट उल्लेख असल्यानं तो उलट्या हाताचा अपमानाचा फटका असणार, आणि दुसरा गाल पुढे करणं म्हणजे ‘मला बरोबरीचा समजून मार’ असं सांगणं, असंही ते म्हणतात. गालाचा युक्तिवाद मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. क्रियापदाबद्दलचा मुद्दा मात्र वजनदार आहे. मराठी ‘अडवू नका’ त्या मानानं फारच सपाट झालं आहे.

टॉलस्टॉयनं रशियनमध्ये हा पेच व्याकरणानं सोडवला. त्याचं सूत्र आहे ‘दुष्टतेचा हिंसेनं प्रतिकार न करणं’. ‘हिंसेनं’ यातली तृतीया सगळं काम करते. प्रतिकार करा, साधन तेवढं हे नको. इंग्रजीत येताना ती तृतीया बऱ्याचदा गळून पडली आणि नुसता ‘अप्रतिकार’ उरला. गांधीजींवर टॉलस्टॉयच्या या विचारांचा मोठा परिणाम होता, जोहान्सबर्गजवळच्या आश्रमाला १९१० मध्ये त्यांनी त्याचंच नाव दिलं. तरी आपल्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हणणं त्यांना सलत होतं, कारण त्यातून दुबळ्यांचं हत्यार असा अर्थ निघे. ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या साप्ताहिकातून त्यांनी नवा शब्द मागवला. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला, त्याचा ‘सत्याग्रह’ झाला. मराठी भाषांतरकाराजवळ तृतीया आयती आहे. ती सोडू नये.

पानगळ :
मग माझ्या लेखातल्या ‘नॉनरेझिस्टन्स’ला ‘अप्रतिकार’ चालणार नाही?

मूळाक्षर :
तुमच्या लेखात तोच चालेल, कारण मेनोनाइटांना खरोखर तेवढं टोक म्हणायचं असतं. जर्मन बोलणाऱ्या मेनोनाइटांचा शब्द आहे ‘वेअरलोझिश्काइट’, म्हणजे हाती बचावाचं साधनच नसणं. त्याच्या मागे १५२७ चा श्लाइटहाइमचा कबुलीनामा, म्हणजे त्यांच्या पूर्वसूरींनी मांडलेली श्रद्धेची कलमं, आहे. तलवार ही देवाचीच व्यवस्था आहे, पण ‘ख्रिस्ताच्या पूर्णतेबाहेरची’, असं तो म्हणतो. राजानं तलवार चालवावी, ख्रिस्ताच्या अनुयायानं राजाच होऊ नये. हा जगाला युद्धमुक्त करण्याचा कार्यक्रम नव्हे, स्वतःपुरतं पाळायचं व्रत आहे. तुमचा लेखक दोन शब्द वेगळे ठेवतो ते बहुधा याचसाठी.

याच परंपरेतला हुतात्मा डर्क विलेम्स याची गोष्ट लेखात असेलच. १५६९, नेदरलँड्समधलं आस्पेरेन. कैदेतून चिंध्यांचा दोर करून उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. तुरुंगातल्या अन्नावर वाळलेला असल्यानं बर्फानं त्याला पेललं. पाठलाग करणारा शिपाई मात्र बर्फ फुटून आत गेला. डर्क मागे वळला, त्यानं त्याला बाहेर ओढलं, पुन्हा पकडला गेला आणि १६ मे रोजी जाळला गेला. ‘अप्रतिकार’ हा शब्द वाचकाला कोरडा वाटला, तर हा प्रसंग त्याच्या शेजारीच ठेवा. नकारार्थी शब्दाच्या पोटात केवढी कृती आहे ते कळेल.

खाडीपलीकडे :
मी वसईची, कॅथलिक. एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या चर्चेवरून ख्रिस्ती म्हणजे शांतिवादी असा समज होऊ नये. संत ऑगस्टिनपासून मोठी परंपरा वेगळं सांगते. मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं युद्धाला तीन अटी घातल्या : अधिकारी सत्तेचा हुकूम, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. पुष्कळ चर्च याच वाटेनं गेली.

आणि इथे मराठी शब्दांचा घोळ आहे. या विचाराला काही जण ‘धर्मयुद्ध’ लिहितात, आणि क्रुसेडलाही ‘धर्मयुद्ध’च. महाभारतात धर्मयुद्ध म्हणजे नियम पाळून केलेलं युद्ध, ते तिसरंच. अक्वायनससाठी ‘न्याय्य युद्ध’ आणि क्रुसेडसाठी ‘क्रूसयुद्ध’ असं काटेकोर ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती. दोन्हींची सरमिसळ झाली की अटी घालणारा माणूस जेरुसलेमवर चालून गेलेल्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

दहा आज्ञांबद्दलही थोडं. मराठी बायबलात ‘खून करू नको’ आहे. हिब्रू ‘रात्साख’ हे क्रियापद युद्धातल्या मारण्यासाठी सहसा येत नाही, त्यामुळे ‘खून’ योग्यच. जुन्या इंग्रजी बायबलात ‘मारू नको’ अशा अर्थाचं आहे आणि त्यावरच अनेकांनी आपला शांतिवाद उभारला. लेखात ही आज्ञा आली तर मराठी बायबल तसंच्या तसं उतरवून चालणार नाही, युक्तिवादच नाहीसा होईल.

पानगळ :
हे फार उपयोगी आलं, आज्ञेचा उल्लेख आहेच. शेवटचा अडलेला शब्द : ‘कॉन्शन्शस ऑब्जेक्टर’. शब्दकोशातला ‘सदसद्विवेकबुद्धीनुसार विरोध करणारा’ वाक्यात दोनदा आला की वाक्य मोडतं.

मूळाक्षर :
कायद्याचा संदर्भ असेल तिथे तो एकदा पूर्ण लिहा. ब्रिटनमध्ये १९१६ च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यात अशी सूट होती आणि पहिल्या महायुद्धात सुमारे १६,००० जणांनी ती मागितली, तेव्हा तो सरकारी शब्दच आहे. पुढे मात्र ‘शस्त्रनकार’ आणि ‘शस्त्रनकार देणारा’ असं सुटसुटीत करता येईल. या माणसाची ओळख जुनीच आहे. २९५ साली उत्तर आफ्रिकेतल्या तेवेस्ते इथे मॅक्सिमिलियन नावाचा २१ वर्षांचा तरुण भरतीच्या वेळी उंची मोजायला उभा केला गेला, तेव्हा ‘मी ख्रिस्ती आहे, मला सैनिक होता येत नाही’ एवढंच सांगत राहिला. त्याला मृत्युदंड झाला.

खाडीपलीकडे :
‘शस्त्रनकार’ छान आहे, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सैनिक डेस्मंड डॉस यालाही तोच लावा, ‘विरोध करणारा’ नको. तो सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा. सैन्यात गेला, वर्दी घातली, बंदूक मात्र हातात धरली नाही. ओकिनावाच्या कड्यावरून १९४५ मध्ये त्यानं सुमारे ७५ जखमी दोरानं खाली उतरवले. ‘ऑब्जेक्टर’ म्हटलेलं त्याला आवडत नसे, तो स्वतःला ‘कॉन्शन्शस कोऑपरेटर’, म्हणजे विवेकानं सहकार्य करणारा, म्हणवून घेई. ‘विरोध करणारा’ त्याला लावणं म्हणजे त्यानं नाकारलेलं नाव त्याच्या माथी मारणं.

पानगळ :
डॉस माझ्या लेखात एका परिच्छेदापुरता आहे, तिथे ‘शस्त्र न धरता सेवा देणारा’ असं सविस्तरच लिहिते. बाकी ठिकाणी शांतिवाद, अप्रतिकार आणि शस्त्रनकार. ‘वेअरलोझिश्काइट’ मूळ रूपात ठेवून पहिल्या उल्लेखापाशी डर्कचा परिच्छेद वर ओढून घेते. तो सध्या लेखाच्या तळाशी आहे.