उशिरा शिकणाऱ्या भुभूंच्या शी-शूचे अनुभव लिहा

आमचा बीगल आठ महिन्यांचा झाला. फ्रीज उघडल्याचा आवाज त्याला आतल्या खोलीत झोपेतही कळतो, शू कुठे करायची तेवढं कळत नाही. खाली हिंडवून आणावं आणि वर येऊन त्याने पायपुसण्यावर धार सोडावी, हे रोजचं. सासूबाईंनी त्याला ‘मंद’ ठरवून टाकलंय. मला ते पटत नाही. उशीर लागलेल्या मंडळींनी नेमकं काय बदललं ते लिहा. ‘धीर धरा’ सोडून काहीही चालेल.

ठाणे, अकरावा मजला

पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या धास्तीने लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिन्यांचा होईस्तोवर, आम्ही पिल्लू खाली नेलंच नाही. तोवर पेपर. त्याच्या डोक्यात पेपर म्हणजे संडास हे इतकं पक्कं बसलं की खाली नुसती झाडं हुंगायचा आणि घरात शिरला की रविवारची पुरवणी गाठायचा. बाबा वाचत असले तरी! शेवटी त्याचाच ओला पेपर पिशवीतून खाली नेऊन कुंपणापाशी अंथरला. झालं की उचलायचा, दुसऱ्या दिवशी थोडा लहान तुकडा. बसच्या तिकिटाएवढा झाल्यावर एक दिवस विसरलो, तर याचं काही अडलं नाही.

नागपूर

आमची रस्त्यावरून आणलेली. तिला फरशी, पेपर, बाजारातली हिरवी चटई, काहीच मान्य नव्हतं. जन्म मातीत गेलेला, पायाखाली माती लागली तरच व्हायचं. गॅलरीत जुन्या ट्रेमध्ये कुंडीतली माती भरली, प्रश्न संपला. पावसाळ्यात तर हा ट्रेच कामाला येतो.

बीगलवाल्या ताई, एक विचारते. त्याची शू झाली की लगेच घरी वळता का तुम्ही? आमची त्यामुळेच धरून ठेवायची. मोकळं झालं की फिरणं बंद, हे तिने बरोबर हेरलं होतं. आता उलट करतो. आधी शू, लगेच तिथेच खाऊ, मग खरी फेरी.

नाशिक

पायपुसणं आधी उचला. मऊ, ओलं शोषणारं काहीही दिसलं की पिल्लं तिथेच जातात. आणि फिनेलवर विसंबू नका. वास आपल्या नाकातून जातो, त्यांच्या नाही. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते जरा वेळ मुरू द्यायचं. अमोनियावालं काही नको, शूसारखाच वास येतो त्याला.

पेशाने पशुवैद्य, कोल्हापूर

‘शिकत नाही’ म्हणून आणलेल्यांतल्या काहींना मूत्रमार्गाचा संसर्ग निघतो. वारंवार थोडी थोडी शू, चाटत बसणं, शिकलेलं असूनही अचानक घरात करणं, असं दिसलं तर आधी लघवी तपासा. मादी पिल्लू झोपेतही सतत ठिबकत असेल तर मूत्रवाहिनी जन्मतःच चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. तिथे शिकवण्याचा काही उपयोग नाही. कोणी अंगावर वाकलं की होते ती भीतीची शू, ती ओरडल्याने वाढते. टेबलाच्या पायावर चार थेंब म्हणजे हद्द आखणं. नसबंदीने ते बरेचदा कमी होतं.

आणि ‘बघा, कसा अपराधी चेहरा करतोय’ हे सोडून द्या. कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 चा अभ्यास आहे: कुत्र्याने काही केलं असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा येतोच. थारोळ्यात नाक घासण्याचा जुना उपाय तर नकोच. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग खाली तुमच्यासोबत कशी करेल?

कॅलगरी

इथे हिवाळ्यात उणे वीसमध्ये आमचा पग दारातच बसकण मारतो. मागच्या अंगणात फावड्याने बर्फ काढून गवताचा चौकोन उघडा ठेवतो. तेवढ्यापुरता जातो आणि पळत आत येतो. थंडी ओसरेपर्यंत यापुढे आमची प्रगती नाही.

बीगलवाली

नागपूर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. शू झाली की वळतोच आम्ही, ऑफिसची घाई असते. उद्यापासून उलट. पायपुसणं आत्ताच माळ्यावर गेलं. डॉक्टर, तपासायला शू धरायची कशी? हा एका जागी उभा राहत नाही.

पशुवैद्य, कोल्हापूर

सकाळची पहिली. लांब दांड्याची पळी धुऊन कोरडी करा, धार सुरू झाली की मागून हळूच सरकवा आणि स्वच्छ डबीत ओता. लगेच पोचवता येत नसेल तर डबी फ्रीजमध्ये. पळी मात्र परत स्वयंपाकघरात नको, सासूबाई कुत्र्याला सोडून तुम्हाला घराबाहेर काढतील.