मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मशीन लर्निंग शिकवताना आधी गणित की आधी लायब्ररी?

थर्मोची_मॅडम

नमस्कार. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागात शिकवते. आजवर थर्मो आणि हीट ट्रान्स्फर हे माझे विषय होते, परंतु येत्या सत्रात तिसऱ्या वर्षाचा मशीन लर्निंग हा विषय माझ्याकडे आला आहे. आठवड्याला ३ तासिका आणि प्रत्येक बॅचला २ तासांचे प्रात्यक्षिक एवढा वेळ हाती आहे. वर्गात सुमारे ७० विद्यार्थी असून त्यांतले काही डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले आहेत. एम-थ्रीचा (गणित-३ चा) पेपर बहुतेकांचा सुटलेला असला, तरी संभाव्यता हा शब्द ऐकताच अनेकांची मान खाली जाते.

गेल्या वर्षी याच विषयाच्या तोंडी परीक्षेला मी सहायक म्हणून बसले होते. जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये आयरिस फुलांचा तोच डेटासेट, त्याच २० ओळींचा कोड आणि तीच १०० टक्के ॲक्युरसी होती. कोडमध्ये रँडम स्टेटची (डेटाची यादृच्छिक विभागणी ठरवणाऱ्या आकड्याची) किंमत ४२ का घेतली, असे एका मुलाला विचारले, तेव्हा तो अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, तो ४२च असतो.” त्या मुलाचा मला राग आला नाही, कारण त्याला दुसरे काही शिकवल्याचे त्या जर्नलवरून तरी दिसत नव्हते.

माझा प्रश्न असा आहे. पहिले ५-६ आठवडे लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला) हात न लावता केवळ गणितावर उभे करावे, की आधी लायब्ररीने काहीतरी चालवून दाखवावे आणि गणित मागाहून आणावे? पहिल्या मार्गाने वर्ग रिकामा होईल, अशी भीती वाटते. दुसऱ्या मार्गाने पुन्हा त्याच ७० सारख्या वह्या हातात येतील, याची तर खात्रीच आहे.

फळा_आणि_खडू

मॅडम, मी कॉम्प्युटर विभागात हा विषय काही वर्षे शिकवत आहे आणि तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चुका मी केलेल्या आहेत. पहिल्या वर्षी मी सपोर्ट व्हेक्टर मशीन या वर्गीकरणाच्या पद्धतीचे ड्युअल रूप (तिचे अवघड गणिती रूप) फळ्यावर संपूर्ण सोडवले होते. त्या दिवशी वर्गात जी शांतता होती, ती समजल्याची आहे, असा माझा गैरसमज झाला.

आता मी गणित कमी करत नाही, लहान करतो. एका स्प्रिंगला १, २ आणि ३ किलोची वजने टांगली आणि ती अनुक्रमे २, ४ आणि ६ मिलिमीटर ताणली गेली, एवढाच डेटा फळ्यावर लिहावा. ताण हा वजनाच्या w पट आहे, असे गृहीत धरून w शोधायचा आहे. उत्तर २ आहे हे सर्वांना दिसतेच, आणि ते दिसावे हाच हेतू आहे. मग w शून्य धरून सुरुवात करावी, चुकांच्या वर्गांची सरासरी काढावी (ती १८.६७ येते), तिचा उतार काढावा आणि लर्निंग रेट (उताराच्या किती पट सरकायचे तो आकडा) ०.१ घेऊन उताराच्या उलट दिशेला एक पाऊल टाकावे. w होतो १.८६७, दुसऱ्या पावलाला १.९९१. इथपर्यंत वर्ग सोबत असतो. त्यानंतर लर्निंग रेट ०.३ घेऊन तेच गणित मुलांकडून वहीत करून घ्यावे. पहिल्या पावलाला ५.६ आणि दुसऱ्याला उणे ४.४८ येते, तेव्हा निम्मा वर्ग आपली बेरीज चुकली समजून खोडरबर शोधू लागतो. बेरीज बरोबर आहे, पाऊल फार मोठे आहे, हे त्या क्षणी सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. या उदाहरणात ०.२१४च्या आसपास सीमा आहे आणि ती का आहे, हे हुशार विद्यार्थी स्वतः शोधून काढतात.

या कामाला दोन तासिका पुरतात. त्यानंतर लायब्ररी खुशाल द्यावी. फक्त याच तीन बिंदूंवर लायब्ररी काय उत्तर देते, ते आधी तपासून घ्यायला लावावे. विद्यापीठाच्या पेपरात येणाऱ्या सिद्धतांसाठी सत्राच्या शेवटी एक आठवडा राखून ठेवतो. त्या सिद्धतांचे आणि समजण्याचे फारसे नाते नाही, असे माझे मत आहे, पण गुणांशी आहे.

तिसरी_पाळी

मी शिक्षक नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचा डेटा पाहतो आणि नव्याने नोकरीला लागलेली मुले माझ्याकडे येतात, म्हणून लिहीत आहे. सरांचे स्प्रिंगचे उदाहरण उत्तम आहे, तथापि गणित आधी की लायब्ररी आधी, हा वाद मला दुय्यम वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ग्रेडियंट डिसेंट (स्प्रिंगच्या उदाहरणातली ती पावले) बऱ्यापैकी माहीत असते. आपण काढलेल्या ॲक्युरसीवर संशय घ्यायचा असतो, हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

मेकॅनिकलच्या वर्गाला फुलांच्या पाकळ्या कशाला मोजायला लावायच्या? यूसीआय या अमेरिकी विद्यापीठाच्या डेटासंग्रहात ‘एआय४आय २०२०’ नावाचा, यंत्रातील बिघाडाचा डेटासेट मोफत मिळतो. तो कृत्रिमरीत्या तयार केलेला आहे, हे विद्यार्थ्यांना आरंभीच सांगावे. पण त्यात हवेचे तापमान, फेऱ्यांचा वेग, टॉर्क, टूलची झीज असे सगळे ओळखीचे रकाने आहेत. नोंदी १०,००० आणि त्यांत बिघाड फक्त ३३९. आता डेटातली एकही नोंद न शिकवता ‘बिघाड नाही’ एवढेच म्हणत बसणारा प्रोग्रॅम लिहिला, तरी त्याची ॲक्युरसी ९६.६१ टक्के भरते. हा प्रोग्रॅम पहिल्याच प्रात्यक्षिकाला लिहून घ्यावा आणि त्याने किती बिघाड पकडले ते विचारावे. प्रिसिजन (बिघाड म्हटलेल्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (खऱ्या बिघाडांपैकी पकडले किती) या शब्दांच्या व्याख्या पाठ करून घेण्याची गरज मग उरत नाही.

याच डेटासेटमध्ये एक सापळाही आहे. बिघाडाच्या मुख्य रकान्याशेजारी बिघाडाच्या प्रकारांचे आणखी ५ रकाने आहेत: टूलची झीज, उष्णता बाहेर न जाणे वगैरे. ते इनपुटमध्ये तसेच राहू दिले, तर मॉडेलला उत्तरपत्रिकाच हाती मिळते आणि निकाल जवळजवळ निर्दोष येतो. मुलांना आधी त्यात पडू द्यावे. “यंत्र बंद पडण्यापूर्वी हा रकाना तुमच्याकडे कुठून आला असता?” हा एकच प्रश्न विचारला की चेहरे बदलतात. आमच्या शॉप फ्लोअरवरही नेमकी हीच चूक होते; फक्त तिथे रकान्याचे नाव इतके सरळ नसते. दुरुस्तीनंतर भरलेली एखादी नोंद बिघाडापूर्वीच्या माहितीत मिसळलेली असते आणि महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही.

बेअरिंगच्या कंपनांचे काम करणार असाल, तर आणखी एक सावधगिरी. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंग डेटा सर्वत्र वापरला जातो आणि त्यावर ९९ टक्क्यांच्या पुढचे निकाल सहज दिसतात. एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे करून, ते पिसून, काही ट्रेनिंगला आणि काही टेस्टला दिले की मॉडेल बिघाड ओळखते की ते विशिष्ट रेकॉर्डिंग ओळखते, हे सांगता येत नाही. विभागणी तुकड्यांची नको, पूर्ण रेकॉर्डिंगची हवी. शक्य असेल तर बेअरिंगचीच.

ळ_चा_कैवारी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स विभागात शिकवतो. माझ्या वर्गात सर्वाधिक चर्चा ज्या प्रयोगाने झाली, तो यंत्रांचा नव्हता, म्हणून इथे नोंदवतो.

हाताने लिहिलेल्या देवनागरी अक्षरांचा एक डेटासेट यूसीआयकडेच आहे. ३२ गुणिले ३२ पिक्सेलच्या ९२,००० प्रतिमा, ४६ वर्ग, प्रत्येक वर्गात २,००० नमुने. क पासून ज्ञ पर्यंतची ३६ व्यंजने आणि १० अंक त्यात आहेत. विद्यार्थ्यांनी त्यावर मॉडेल शिकवले, टेस्टचा निकाल छान आला आणि सर्व जण समाधानाने सबमिशनची तयारी करू लागले. मग मी प्रत्येकाला कागदावर ‘ळ’ काढून त्याचा फोटो मॉडेलला द्यायला सांगितले. कुणाच्या मॉडेलने एक अक्षर सांगितले, कुणाच्याने दुसरे, आणि काहींनी तर ९० टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगितले. ळ कुणालाच मिळाला नाही, कारण तो त्या ४६ वर्गांत नाहीच. डेटासेट नेपाळमध्ये तयार झाला आहे आणि नेपाळीच्या वर्णमालेत ळ नाही. ज्यांनी तो गोळा केला त्यांची यात काहीही चूक नाही. आपण तो न वाचता मराठीसाठी उचलला, ही चूक आपली.

मॉडेलची शेवटची पायरी, म्हणजे सॉफ्टमॅक्स, ४६ वर्गांमध्ये एकूण १ एवढी संभाव्यता वाटून टाकते आणि ‘यांपैकी काहीच नाही’ असे म्हणण्याची सोय त्यात नसते, हे मी त्यापूर्वी दोनदा शिकवले होते. ते समजले मात्र त्या दिवशी. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, टेस्ट सेटमध्येही ळ नव्हता, मग आपल्याला हे कधी कळलेच नसते ना?” टेस्ट सेट आणि प्रत्यक्ष वापर यांतील अंतरावर माझे पुढचे व्याख्यान होते, ते तिने एका वाक्यात आटोपले. मॅडम, तुमच्या विभागातही असा एखादा ‘ळ’ असेलच. तो तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर सापडेल, असे वाटते.

थर्मोची_मॅडम

सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या उत्तराने मला दोन दिवस विचार करायला लावले, आणि तो ‘ळ’ माझ्याच प्रयोगशाळेत सापडला.

आमच्याकडे फोर्स्ड कन्व्हेक्शनचा (तापलेल्या नळीतून हवा ढकलून उष्णता वाहून नेण्याचा) सेटअप आहे. दरवर्षी मुले त्यावर रीडिंग घेतात आणि डिट्टस-बोएल्टर समीकरणाशी ताडून पाहतात: नसेल्ट क्रमांक (प्रवाहामुळे उष्णता किती पटीने वाहते) म्हणजे ०.०२३ गुणिले रेनॉल्ड्स क्रमांकाचा (प्रवाह संथ की खळबळता ते सांगणाऱ्या आकड्याचा) ०.८ घात गुणिले प्रांटल क्रमांकाचा (द्रवाच्या वा वायूच्या गुणधर्माचा) ०.४ घात. दोन्ही बाजूंचे लॉगरिदम घेतले की ही चक्क सरळ रेषा होते. म्हणजे इतकी वर्षे आम्ही लॉग-लॉग कागदावर जे काढत होतो, ते लिनिअर रिग्रेशनच (बिंदूंना सर्वांत जवळची सरळ रेषा शोधणे) होते. फक्त त्याला हे नाव देण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. यंदा बॅचने स्वतःची रीडिंग वापरून घातांक काढावा आणि तो ०.८च्या किती जवळ येतो ते पाहावे, असे ठरवले आहे. सेटअपच्या थर्मोकपलपैकी एक नेहमी दोनेक अंश जास्त दाखवतो. तो मी मुद्दाम बदलणार नाही.

त्यानंतर तेच मॉडेल रेनॉल्ड्स २,००० ला चालवायला सांगेन. हे समीकरण १०,००० च्या वरच्या खळबळत्या प्रवाहासाठी आहे. हवेसाठी प्रांटल ०.७ धरला, तर २,००० ला ते सुमारे ८.७ हे उत्तर देते. प्रत्यक्षात तिथे प्रवाह थरांचा असतो आणि पूर्ण विकसित प्रवाहात, नळीला सर्वत्र सारख्याच दराने उष्णता दिली जात असताना, नसेल्ट ४.३६ वर स्थिर असतो. मॉडेल दुप्पट सांगेल आणि कोणतीही सूचना देणार नाही. इथे माझ्या मुलांना कारण भौतिकशास्त्रातून माहीत आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण कॉम्प्युटरच्या मुलांना या ठिकाणी आकडा खोटा आहे, हे कशावरून कळेल?

स्प्रिंगचे उदाहरण पहिल्या आठवड्यात घेते, बिघाडाचा डेटासेट तिसऱ्यात. आता एकच अडचण उरते. गेल्या वर्षी मुले एकमेकांच्या वह्या उतरवत होती. यंदा चॅटबॉटला सांगून प्रत्येकाची वही वेगळी दिसेल आणि तरी ती कुणाचीच नसेल. तोंडी परीक्षेत हे कसे ओळखावे?

फळा_आणि_खडू

ओळखण्याच्या मागे लागू नये, असे मी सुचवेन. त्यात परीक्षक पोलीस होतो आणि दोघेही दमतात. मी कोड लिहायला लावणे सोडून दिले आहे. तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याच्या हातात दीड पानाचे छापील नोटबुक देतो, निकालांसह. त्यात एक चूक पेरलेली असते: कधी विभागणीच्या आधीच संपूर्ण डेटाचे स्केलिंग (सर्व रकाने एका मापावर आणणे) केलेले असते, कधी टेस्टचा निकाल पाहून के ची (जवळचे किती नमुने पाहायचे त्या आकड्याची) किंमत निवडलेली असते, कधी तिसरी_पाळी यांनी सांगितलेला रकाना इनपुटमध्ये शिल्लक असतो. १० मिनिटे वाचायला आणि ५ मिनिटे बोलायला. या निकालावर विश्वास ठेवाल का आणि नसेल तर कोणत्या ओळीपासून, एवढेच विचारतो.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एका कागदावर चूक पेरायचीच राहून गेली होती. तो कागद मिळालेल्या मुलाने १० मिनिटे घाम गाळला आणि शेवटी घाबरत म्हणाला, “सर, मला यात काही चुकीचे दिसत नाही.” त्या सत्रातले पूर्ण गुण मी त्याला दिले. तेव्हापासून प्रत्येक बॅचमागे एक कागद निर्दोष ठेवतो. तुम्हाला हवे असतील, तर माझ्याकडचे ८-१० कागद इथेच चढवतो. मेकॅनिकलसाठी उदाहरणे मात्र तुम्हाला बदलावी लागतील.