वास्कोचा दामोदर सप्ताह, पहिल्यांदाच पूर्ण 24 तास ऐकायला जातेय, कुठं बसू?

पुण्याची_नात

नमस्कार मंडळी. माझी आजी गोव्यातल्या वास्कोची. लग्न होऊन पुण्यात आली तरी नागपंचमी झाली की तिचं सुरू व्हायचं, "उद्या आमचा सप्ताह". लहानपणी दोनदा गेले होते पण तेव्हा फेरीतली (सप्ताहातल्या जत्रेच्या बाजारातली) खाजी, बांगड्या, पाळणे एवढंच लक्षात राहिलं, भजन म्हणजे मागे कुठंतरी चालू असलेला आवाज. आता आजी नाही, मी गेली चार वर्षं गाणं शिकतेय, आणि या वर्षी ठरवलंय की फेरी बाजूला ठेवून दामोदराचं भजनच ऐकायचं, सुरुवात ते शेवट.

थोडं विचारायचं होतं. पहिलं म्हणजे सप्ताह म्हणतात आणि भजन तर एकाच दिवसाचं, हे असं का? दुसरं, देवळात बसून राहावं की रात्री पार (वाजतगाजत मिरवणुका) निघतात तिकडं जावं, कारण मामा म्हणतो खरं गाणं पारावरच, मोठे गायक येतात, देवळात काय सगळे आपलेच हौशी लोक. आणि तिसरं, बाहेरच्या माणसाला टाळ घेऊन मागे बसता येतं का, का ते ठरलेल्या मंडळींचंच असतं? मी बाई आहे म्हणून अजून जरा संकोच वाटतो. कुणी नेहमी जाणारं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

बंदरकाठचा

वाचून बरं वाटलं. माझा जन्म वास्कोचाच, 50 च्या वर सप्ताह बघितलेत, मधली दोन वर्षं बोटीवर होतो तेवढीच चुकली.

नावाचं सांगतो. आमच्याकडे गोव्यात देवळात अखंड भजनाला सप्ताह म्हणायची पद्धतच आहे, मग ते सात दिवसांचं असो नाहीतर एका दिवस-रात्रीचं. वास्कोचं भजन श्रावण शुद्ध षष्ठीला म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होतं आणि सप्तमीला दुपारी संपतं. देवापुढे श्रीफळ ठेवलं की भजनाला सुरुवात. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला आणि गेल्या वर्षीच्या श्रीफळाचं समुद्रात विसर्जन. म्हणजे एक नारळ वर्षभर देवाकडे असतो, नवा आला की जुना दर्याला. फेरी मात्र पुढे कितीतरी दिवस चालते, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं फेरी म्हणजेच सप्ताह.

याचं मूळ आमचे जाणते सांगतात ते असं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावात साथ आली, माणसं पटापट जायला लागली, तेव्हा इथले लोक जांबावलीला श्री दामोदराकडे गेले, तिथून प्रसादाचा नारळ घेऊन आले, तो ठेवला आणि त्याच्यापुढे अखंड भजन केलं. साथ ओसरली आणि मग दरवर्षीचंच झालं. तो काळ बघा, 1896 ला मुंबईत प्लेग, इकडे मुरगावचं बंदर आणि रेल्वे नुकती सुरू झालेली, कुठून कुठून माणसं, माल यायचा, त्यामुळे बंदराच्या गावाला साथीची भीती जास्तच असणार हे मला तरी पटतं. राज्य पोर्तुगीजांचं, आणि त्या काळात सुरू झालेलं भजन 1961 ची गोवामुक्ती ओलांडून आजपर्यंत आलंय. 2024 ला सव्वाशेवा सप्ताह झाला.

आता देऊळ की पार. मामांचा मान ठेवून सांगतो, त्यांचं अर्धंच बरोबर आहे. पार म्हणजे वेगवेगळ्या समाजांचे, व्यवसायांचे लोक वाजतगाजत, चित्ररथ घेऊन देवळाकडे येतात, आणि त्या निमित्तानं शहरात बैठका होतात, गोव्यातले आणि महाराष्ट्रातले चांगले गायक गातात, अभंग, नाट्यपदं, रस्त्यावर माणसं दाटून उभी. ते ऐकाच, फुकट आणि इतक्या जवळून असं गाणं कुठं मिळणार. पण पारावरचा गायक गाऊन निघून जातो. देवळातलं भजन थांबून चालत नाही, ते 24 तास धरून ठेवणारी माणसं म्हणजे तुमच्या मामांचे "हौशी लोक". पहाटे तीनला पाऊस कोसळत असतो, समोर ऐकायला पंधरा डोकी, आणि तरी पेटीवरचा माणूस डोळे मिटून गजर ओढतोय. ते बघितलं नाही तर सप्ताह बघितलाच नाही, हे माझं मत.

पखवाज_आणि_कणीक

वरच्या भाईंनी मनातलं लिहिलं. मी वाजवणारा आहे, सांग्याकडचा, वास्कोत दोनच वेळा बसलो पण आमच्या भागातले सप्ताह लहानपणापासून केलेत, त्यामुळे वाजवणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

ताई तुम्ही गाणं शिकता ना, मग एक गोष्ट मुद्दाम बघा, बदली कशी होते ती. एक पथक उठतं दुसरं बसतं, पण आवाज तुटत नाही. उठणाऱ्यांचा गजर चालू असतानाच येणारा पेटीवाला शेजारी बसतो, पट्टी कानानं पकडतो, आधीच्यांची काळी दोन असेल आणि याच्या गायकाला पांढरी चार लागत असेल तर लगेच उडी मारत नाही, तोच गजर त्याच पट्टीत उचलायचा, दोनचार आवर्तनं घोळवायचा आणि मग हळूच आपल्याकडे न्यायचा. टाळवाले तर एकेक करून बदलतात, एकाच्या हातातून टाळ दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हा लय जराही हलता कामा नये. आमचे गुरुजी म्हणायचे गाणं चुकलं तर देव माफ करील, बदलीत भजन तुटलं तर गाव करणार नाही.

आणि श्रावणात वाजवणं म्हणजे काय असतं ते वाजवणाऱ्यालाच माहीत. हवेत नुसता ओलावा, पखवाजाची पुडी सैल पडते, अर्ध्या तासात सूर खाली. हातोडीनं गठ्ठे ठोकायचे, परत चढवायचा. डाव्या बाजूची कणीक कोरडी झाली की काढून ताजी लावायची, जाड लावली तर घुम्म बसतो, पातळ लावली तर पोकळ वाजतो. पेटीच्या पट्ट्या फुगतात, एखादी दाबली की वर येतच नाही. म्हणून दोन पेट्या, दोन पखवाज तयार ठेवतात. हे सगळं भजन चालू असताना, मागच्या मागे.

गोव्याच्या भजनात अभंग, गौळण, गजर हे तीन खांब. अभंगात गायकाची तयारी दिसते, गौळणीत रंग, पण गजर म्हणजे आमचा जीव. चारच शब्द पण नाट्यपदाच्या चालीवर, रागाच्या अंगानं इतके फिरवतात की वीस मिनिटं कळत नाही कुठं गेली. शेवटी लय दुगुन होते आणि सगळं देऊळ गायला लागतं. मनोहरबुवा शिरगावकरांनी गोव्याच्या भजनाला जे वळण लावलं त्याचं हे फळ आहे, त्यांच्या नावानं गोव्याची कला अकादमी दरवर्षी भजन स्पर्धा घेते, त्यात पुरुष, महिला, मुलं असे वेगळे गट असतात. तिथली पोरं ऐका एकदा, दहा वर्षांचा पोरगा पखवाजावर असा बसतो की बास.

सरला_बेटाकडची

मी गोव्याची नाही, वैजापूरकडची. पण सप्ताह म्हटल्यावर राहवेना. आमच्याकडे गंगागिरी महाराजांचा सप्ताह, 2024 ला 177 वा झाला, दरवर्षी गाव वेगळं, आणि तो पूर्ण सात दिवसांचा. लाखानं माणूस, आमटी-भाकरीचा प्रसाद, भाकऱ्या आजूबाजूच्या गावांतून घराघरातून भाजून येतात. माझी सासू अजून पाटीभर भाकऱ्या देते, तब्येत बरी नसते तरी.

आमच्या गावातल्या छोट्या सप्ताहात वीणा असते, ती सात दिवस खाली टेकवायची नाही, पहाऱ्यावरचा माणूस दोन तास उभा राहतो आणि पुढचा आला की गळ्यातून गळ्यात. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. तुमच्याकडे ते काम गजर करतो म्हणायचं, आमच्याकडे वीणा. मला हे पखवाजवाल्या दादांचं बदलीचं वाचून एकदम जाणवलं. पहाऱ्याचा कागद देवळाच्या भिंतीला लावलेला असतो, त्यात रात्री दोन ते चार कुणाचं नाव आहे ते बघायचं, गावाचा खरा भार कोण उचलतं ते तिथं कळतं. माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं तोच पहारा घेतला. ते गेल्यावर पहिल्या वर्षी त्या जागी नाव कुणी लिहीनाच, मग माझ्या दिरानं लिहिलं.

पुण्याची_नात

हे वाचून रडू आलं मला. आजीचे वडील बंदरावर कामाला होते, ते पण रात्रीचेच बसायचे म्हणे टाळ घेऊन, कारण दिवसा पाळी असायची. मला हे आत्ता जोडून कळतंय. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का, बायकांचं?

गौळण_मंडळ

मी सांगते. आमचं फोंड्याकडच्या वाड्यावरचं महिला भजनी मंडळ आहे, अकरा जणी, सगळ्यात लहान 19 ची आणि मोठी 68 ची. मी पेटी वाजवते. आम्ही सुरू केलं तेव्हा पखवाजाला पुरुष माणूस आणावा लागायचा, आता आमचीच एक मुलगी वाजवते, शिक्षकाकडे तीन वर्षं जाऊन शिकली. आधी आम्हाला सप्ताहात दुपारी चारची वेळ द्यायचे, म्हणजे ऐकायला कोणी नसायचं तेव्हाची. कुणाशी भांडलो नाही पण दरवर्षी अर्ज देताना लिहायचो की आम्हाला रात्रीची पण चालेल. पाचव्या वर्षी एक पथक आलं नाही म्हणून रात्री एकला फोन आला, येता काय. साड्या नेसून दोन रिक्षांतून गेलो, केस विंचरायला पण वेळ नाही, आणि पहाटे साडेतीनपर्यंत गायलो कारण पुढचे पण पावसात अडकले होते. त्या वर्षापासून आमची रात्रीची वेळ पक्की झाली.

तर संकोच नको. वास्कोच्या देवळात गर्दी असते, तिथले शिस्तीचे नियम तिथल्यांना विचारा, पण कुठल्याही भजनात कोरसला मागे बसून टाळी धरणाऱ्याला कोणी उठवत नाही. टाळ हवा असेल तर आधी गायकाकडे बघायचं, मान हलवली तर घ्यायचा. आणि तुमचा आवाज तयार असला तरी कोरसमध्ये कोरसचाच आवाज लावायचा, वर तान मारायची नाही, हे मुद्दाम सांगते कारण शिकणाऱ्या मुलींचं तिथंच चुकतं, माझंही चुकलं होतं.

फेरीला_कंटाळलेला

थोडं कडू लिहितो, माफ करा. मी वास्कोतल्या स्वतंत्रपथ रस्त्याजवळ राहतो. सप्ताहाच्या दिवसांत घरातून भजन ऐकू यायचं लहानपणी, खिडकी उघडली की गजर. आता खिडकी उघडली की पाळण्याचा भोंगा, खेळण्यांच्या स्टॉलचे स्पीकर आणि चित्ररथांचे मोठे साउंड. पारांची शोभा मला आवडते, पोरांना दाखवायला मीच घेऊन जातो, पण भजन ज्याच्यासाठी आहे त्याच्याच अंगणात ते ऐकू येत नसेल तर काय उपयोग. फेरीवाल्यांवर राग नाही, त्यांचं पोट आहे, वर्षातून एकदा लांबून येतात. देवळाच्या चारी बाजूंना त्या 24 तासांपुरते तरी स्पीकर बंद ठेवा, एवढंच मागणं आहे.

बंदरकाठचा

@फेरीला_कंटाळलेला, शंभर टक्के सहमत. मी पण समितीतल्या ओळखीच्यांना तोंडी सांगितलंय, आपण चारपाच घरांनी मिळून लेखी देऊया, तुम्ही तयार असाल तर मेसेज करा.

@पुण्याची_नात, तुम्हाला माझा हिशोब सांगतो, तसं करा. दुपारी श्रीफळ ठेवायच्या आधी तासभर देवळात पोचा, सुरुवात चुकवू नका. संध्याकाळपर्यंत बसा, मग घरी जाऊन जेवा, तास दोन तास झोपा. रात्री दहानंतर पार बघा, बैठक ऐका, मामांना पण घेऊन जा. एक दीडला गर्दी पांगायला लागते तेव्हा परत देवळात या आणि उजाडेपर्यंत उठू नका. छत्री आणि एक शाल ठेवा, लादी गार असते. रेकॉर्डिंग करायचं असेल तर पथकाला विचारून, आणि मोबाइलचा लाइट लावू नका, गाणाऱ्याच्या डोळ्यावर येतो.

आणि आजीच्या वडिलांचं लिहिलंत म्हणून विचारतो, ते बंदरावर कुठल्या खात्यात होते, नाव इथं लिहू नका, मला खाजगीत सांगा. माझा आजा पण रात्रीच्याच पाळीला टाळ धरायचा.

पुण्याची_नात

मेसेज केलाय काका. आईला विचारलं, ती म्हणाली पणजोबांचा टाळ अजून मामाकडे माळ्यावर आहे, एकाची दोरी तुटलीय. मामाला आत्ताच फोन करून काढायला सांगितला. पखवाजवाले दादा, टाळाला दोरी कुठली घालतात, साधी सुती चालेल का?

पखवाज_आणि_कणीक

सुतीच घाला, जाड पीळ असलेली. नायलॉनची नको, बोटं कापतात आणि रात्रभर धरवत नाही. गाठ आतल्या बाजूला घट्ट मारा, आणि चिंचेनं घासून घ्या, पितळ किंवा कासं असेल तर आवाज उघडतो. मी या वर्षी वास्कोला यायचं बघतो, पहाटेच्या वेळेला.