वैरी देश अणुबॉम्बच्या मागे लागला, तर कारखाना उडवावा की आत निरीक्षक बसवावेत?

ओझरकर
परवा नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, चहा घेताना आमच्या जुन्या मंडळींत या विषयावरून चांगलीच जुंपली. तिथे सांगायचे राहिलेले इथे मांडतो. उघड वैर धरणारा देश अण्वस्त्र तयार करतो आहे अशी शंका बळावली, तर त्याच्यावर बॉम्ब टाकण्यापेक्षा करार करून निरीक्षक आत पाठवावेत, असे माझे मत आहे, आणि ते शांततेच्या प्रेमातून आलेले नसून मोजदादीच्या सवयीतून आलेले आहे. विमानाच्या कामात उमेदीची वर्षे गेली. तिथे दुरुस्ती संपली की फळीवरचा एकेक पाना मोजला जाई. प्रत्येक अवजाराची आकृती फळीवर रंगवलेली असल्यामुळे रिकामी जागा लांबूनही डोळ्यांत भरे, आणि तो पाना सापडेपर्यंत विमान जागचे हलत नसे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक युरेनियमची अशीच मोजदाद ठेवतात. 14 जुलै 2015 रोजी अमेरिकेसह बड्या देशांशी झालेल्या कराराने इराणला युरेनियमचे 3.67 टक्क्यांपर्यंतच संवर्धन (म्हणजे त्यातला स्फोटाला उपयोगी अंश वाढवणे) करण्याची आणि 300 किलोपर्यंतच साठा ठेवण्याची मुभा होती. 8 मे 2018 रोजी अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले, 2021 च्या एप्रिलमध्ये इराण 60 टक्क्यांवर गेला, आणि 2025 च्या जूनपर्यंत त्या प्रतीचा साठा सुमारे 440 किलो झाला. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, तोही निरीक्षकांमुळेच. मग 13 जूनला इस्रायलने आणि 22 जूनला अमेरिकेने हल्ले केले, नतांझ, फोर्डो आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांचे मोठे नुकसान झाले, पण त्यानंतरच्या महिन्यांत तो साठा निरीक्षकांना डोळ्यांनी पाहता आला नाही. फळीवरची जागा रिकामी आणि पाना कुठे आहे ते कोणी सांगू शकत नाही, अशी ही स्थिती मला हल्ल्यापूर्वीच्या स्थितीपेक्षा अधिक धोक्याची वाटते.

निफाडचा बागायतदार
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण फळीचा दाखला मला पटत नाही. कारखान्यातला कामगार पाना लपवायला बसलेला नसतो. इथे मोजदाद दाखवलेल्या खोलीचीच होते. फोर्डोचा कारखाना डोंगराच्या पोटात आहे हे जगाला 2009 मध्ये कळले, आणि तेही इराणने आपण होऊन सांगितले म्हणून नव्हे. उत्तर कोरियाने 1994 मध्ये अणुकार्यक्रम गोठवण्याचा करार केला, 2003 मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार सोडला आणि 9 ऑक्टोबर 2006 रोजी चाचणी केली. वाटाघाटींचा तेवढा काळ त्याच्या पदरात पडला.

60 टक्के हा आकडाही फसवा आहे. खनिज युरेनियमपासून बॉम्बला लागणाऱ्या 90 टक्क्यांपर्यंत जाण्याच्या एकूण श्रमांपैकी बहुतेक श्रम 60 पर्यंतच खर्च होतात. सप्तशृंगीला निघालेला माणूस घाट चढून गाडीतळावर उभा आहे आणि आता फक्त पायऱ्या उरल्या आहेत, असे समजा. त्याला अजून ‘प्रवासात’ म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला.

उलट, वेळेवर केलेल्या हल्ल्याचे उदाहरण पाहा. 6 सप्टेंबर 2007 रोजी इस्रायलने सीरियातील देर एझ-झोर प्रांतातली अणुभट्टी उडवली, युद्ध पेटले नाही, आणि 2014 मध्ये त्या प्रांताचा मोठा भाग आयसिस या दहशतवादी संघटनेच्या ताब्यात गेला. ती अणुभट्टी तिथे उभी असती तर काय झाले असते, याचा विचार करावा.

आणि ही लांबची गोष्ट नाही. 2024 च्या हंगामात इराणच्या पाठबळावर उभ्या असलेल्या येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालवले, म्हणून आमची द्राक्षे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेली. तोडणीनंतरच्या थंडाव्यापासून (प्रीकूलिंग) पेटीत बुरशी रोखायला ठेवलेल्या सल्फर पॅडपर्यंत सगळे ठरलेल्या दिवसांच्या हिशेबाने बसवलेले असते. त्यात दोन आठवडे वाढले की देठ वाळतो आणि पेटी उघडताच मणी गळतात. बॉम्ब हाती नसताना हे होते, तर बॉम्ब आल्यावर या मंडळींना आवरणार कोण?

देवळाली कॅम्प
सीरियाचे उदाहरण तेवढे उचलून चालणार नाही. 7 जून 1981 रोजी इस्रायलने बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी पाडली. सुरक्षा परिषदेने एकमताने निषेध केला, तो सोडा. महत्त्वाचे हे की इराकच्या सद्दाम हुसेनने त्यानंतर काम थांबवले नाही, ते अधिक गुप्तपणे आणि अधिक माणसे लावून चालवले, आणि त्याचा खरा पसारा 1991 च्या युद्धानंतर निरीक्षक आत शिरले तेव्हाच उघड झाला. सीरिया आणि इराक या दोन्ही ठिकाणी जमिनीवर उभी असलेली एकेक इमारत होती. इराणकडे भूमिगत कारखाने आहेत आणि सेंट्रिफ्यूज, म्हणजे संवर्धनाची वेगाने फिरणारी यंत्रे, घडवता येणारे तंत्रज्ञ आहेत. यंत्र मोडता येते, कारागिराच्या हातातली विद्या मोडता येत नाही, हे द्राक्षाची छाटणी करणाऱ्याला मी काय सांगावे!

पंचवटी
या चर्चेत आपण स्वतःला विसरतो आहोत. मे 1998 मध्ये पोखरणला स्फोट झाले तेव्हा निर्बंध आपल्यावरही आले होते, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला चागाईला पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. वैरी शेजारी आणि त्याच्या हाती बॉम्ब, हा प्रसंग आपण पुस्तकातून शिकलेलो नाही. तरीही 31 डिसेंबर 1988 रोजी दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला, आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेकडे निघाले, आणि तीन आठवड्यांच्या आत याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या गेल्या. यात प्रेम नव्हते. त्या यादीची दोघांनाही गरज होती.

निफाडचा बागायतदार
ती यादी दोघांकडे बॉम्ब आल्यावर उपयोगी पडते. आपली चर्चा बॉम्ब येण्याआधीची आहे. देवळालीकर, सरळ विचारतो. 2002 च्या डिसेंबरात उत्तर कोरियाने निरीक्षकांना देशाबाहेर काढले. त्या दिवशी काय करायला हवे होते?

देवळाली कॅम्प
त्याचे उत्तर नकाशात आहे. सोल शहर सीमेपासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे, आणि सीमेपलीकडे डोंगरांत उत्तरेच्या लांब पल्ल्याच्या तोफा व रॉकेटे लावलेली आहेत. आमच्या इथे सरावाच्या वेळी तोफा धडाडल्या की कपाटातली भांडी वाजतात, आणि ते गोळे मोकळ्या माळावर पडत असतात. तेच गोळे कोट्यवधींच्या वस्तीवर पडू लागले तर पहिल्या तासात काय होईल, याचा हिशेब 1994 मध्येही अमेरिकेने केला होता. हल्ला त्यामुळे राहिला, दुबळेपणामुळे नव्हे. निर्बंध आणि चीनचा दबाव एवढेच हाती होते, आणि ते पुरले नाही, हे मी मान्य करतो.

ओझरकर
बागायतदारांचा एक मुद्दा मी स्वीकारतो: ज्याने दार लावून घेतले त्याच्याकडे मोजदाद चालत नाही, आणि तिथे बळाचा धाक लागतो. परंतु 2025 च्या जूनमध्ये दार लागलेले नव्हते. हल्ले झाले तेव्हा निरीक्षक इराणमध्येच होते.

फोर्डोबद्दल म्हणाल, तर जागा हेरखात्यांनी शोधली हे खरे. पण 2009 च्या सप्टेंबरात ती उघड झाली आणि ऑक्टोबरात निरीक्षक आत गेले. पुढे 2023 च्या जानेवारीत त्याच डोंगरात त्यांनी यंत्रांजवळून पुसून घेतलेल्या नमुन्यांत 83.7 टक्के संवर्धनाचे कण सापडले. इराणने ते चुकून झाल्याचे सांगितले. ते खरे होते की खोटे, हे तपासायला दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आत जाणारा कोणीतरी होता.