उभ्या नळीतील वाफेचे संघनन: भिंतीवर तापमान स्थिर धरावे की हीट फ्लक्स?

प्रश्न

आतून १० मिलिमीटर व्यासाच्या आणि ४ मीटर लांबीच्या उभ्या नळीत वरून १०० अंश सेल्सिअसची संपृक्त (उष्णता काढताच पाणी होऊ लागणारी) वाफ सेकंदाला १ ग्रॅम या दराने येते आणि भिंतीवर तिचे पाणी होते, असे संगणकीय प्रारूप मी तयार करत आहे. भिंतीचे तापमान ९० अंशांवर स्थिर धरले की उत्तर स्थिरावते. मात्र भिंतीतून सर्वत्र ३० किलोवॅट प्रति चौरस मीटर इतका हीट फ्लक्स (एका चौरस मीटरमधून सेकंदाला जाणारी उष्णता) बाहेर जातो अशी अट घातली, तर खालच्या भागातील तापमान सतत उतरत जाते आणि गणन कोलमडते. भिंतीवरची अट बदलल्याने इतका फरक का पडावा, आणि प्रत्यक्षाशी कोणती अट जुळते?

पहिले उत्तर

आपण आधी ऊर्जेचा हिशेब मांडून पाहावा. १०० अंशांना पाण्याच्या वाफेची अप्रकट उष्णता (तापमान न बदलता वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता) किलोग्रॅमला सुमारे २,२५७ किलोज्यूल असते. म्हणजे आपल्या वाफेत काढून घेण्याजोगी अप्रकट उष्णता सेकंदाला २,२५७ ज्यूल इतकीच आहे. ३० किलोवॅटच्या फ्लक्सने नळीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ९४० वॅट बाहेर पडतात, त्यामुळे साधारण २.४ मीटरवर सगळी वाफ संपते. उरलेल्या १.६ मीटरमध्येही आपली अट तितकीच उष्णता मागत राहते, आणि ती पुरवण्यासाठी पाण्याला सुमारे ३६० अंशांनी थंड व्हावे लागेल, जे अशक्य आहे. तेव्हा दोष गणनपद्धतीत शोधू नये. अटच निसर्गात न घडणारी आहे. तापमान स्थिर धरल्यावर असे होत नाही, कारण पाणी ९० अंशांजवळ आले की फ्लक्स आपोआप शून्याकडे जातो.

यातून निघणारी दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. फ्लक्स ठरवून दिला की, भिंतीवरील पाणी फारसे थंड होत नाही असे धरल्यास, कुठे किती वाफ संघनित होईल हे तेव्हाच ठरून जाते. संघननाचा गुणांक (वाफ आणि भिंत यांच्या तापमानातील दर अंश फरकामागे जाणारा फ्लक्स) बरोबर काढला काय किंवा चुकीचा काय, वाफेचे प्रमाण लांबीनुसार सरळ रेषेतच घटते. गुणांकाचा परिणाम उरतो तो केवळ भिंतीच्या तापमानावर. म्हणून अशा प्रारूपातील संघननाचा दर प्रयोगाशी जुळला, तरी त्यातून प्रारूपाची पारख होत नाही.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाला भिंतीवर साचणाऱ्या पाण्याच्या थराच्या जाडीची बाजू जोडतो. जर्मन अभियंते नुसेल्ट यांनी १९१६ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार भिंतीचे तापमान स्थिर असेल तर पाण्याच्या थराची जाडी अंतराच्या एक-चतुर्थांश घातानुसार वाढते आणि जाड होत जाणारा थर पुढील संघननाला आवर घालतो. फ्लक्स स्थिर असेल तर हा आवर राहत नाही. पाणी अंतराच्या प्रमाणात साचते, जाडी एक-तृतीयांश घातानुसार वाढते आणि तीच उष्णता जाड थरातून न्यायची म्हणून भिंतीला खाली-खाली अधिक थंड व्हावे लागते. अर्थात हा सिद्धांत गुळगुळीत, संथ थरासाठी आणि वाफेचे घर्षण नगण्य धरून मांडलेला आहे. आपल्या नळीत प्रवेशापाशी वाफेचा वेग सेकंदाला २१ मीटरच्या आसपास आहे आणि सगळी वाफ संघनित होईपर्यंत थराचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारी संख्या) सुमारे ४५० होतो, म्हणजे थरावर लाटा असणार. तेव्हा घातांक दिशादर्शक समजावेत.

प्रत्यक्षात बहुधा यांपैकी कोणतीच अट नसते. नळीबाहेर शीतक (थंड करणारा द्रव किंवा वायू) वाहत असतो. म्हणून भिंतीवर शीतकाचे तापमान आणि बाहेरील उष्णता-संक्रमण गुणांक देणे योग्य ठरते. बाहेर वेगाने वाहणारे पाणी असेल तर भिंत जवळजवळ स्थिर तापमानाची होते. बाहेर हवा असेल आणि तिचे तापमान फारसे बदलत नसेल, तर वाफ शिल्लक असेपर्यंतची स्थिती स्थिर फ्लक्सच्या जवळ जाते.

तिसरे उत्तर

टोकांच्या अटींकडेही लक्ष द्यावे. भिंतीची अट ठरल्यावर प्रवेशाचा दाब, प्रवेशाचा प्रवाहदर आणि निर्गमाचा दाब ही तिन्ही मूल्ये आपल्या मर्जीने देता येत नाहीत. दोन दिली की तिसरे गणनातून यावे. शिवाय संपृक्त तापमान त्या-त्या ठिकाणच्या दाबाशी बांधलेले असते, ते सर्वत्र १०० अंश धरू नये.

वाफेत हवा असेल तर भिंतीच्या अटीचा प्रश्न आणखी गंभीर होतो. जवळजवळ स्थिर वाफेत वजनाने अर्धा टक्का हवाही उष्णता-संक्रमण निम्म्यावर आणू शकते. वाहत्या वाफेत परिणाम सौम्य असतो, पण संपत नाही. हवा थराच्या पृष्ठभागापाशी साठते, तेथील वाफेचा आंशिक दाब (एकूण दाबातला वाफेचा वाटा) उतरतो आणि त्याबरोबर पृष्ठभागाचे तापमानही. भिंतीचे तापमान स्थिर असेल तर संघननाचा दर घटलेला दिसतो. फ्लक्स स्थिर असेल तर दर तसाच राहतो आणि हवेचा सारा परिणाम भिंतीच्या घटलेल्या तापमानात जातो. त्यामुळे आपण शीतकाची अट घातल्यावरही भिंतीचे तापमान लांबीनुसार नोंदवून ठेवावे.